माकड ठेवले, गुग्गुळ का वगळला? मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आपले मराठी मंडळ, बडोदे.

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवातल्या निसर्ग-प्रदर्शनाबद्दल आपण काढलेले परिपत्रक सभासदांच्या ग्रुपवर वाचले. सर्वसाधारण सभेत ठराव झाला होता तो असा: यंदा दोन जीव दाखवायचे. एका बाजूला दक्षिण सह्याद्रीतले सिंहपुच्छ माकड, दुसऱ्या बाजूला कच्छ-सौराष्ट्रातला गुग्गुळ, म्हणजे ज्याचा सुकलेला चीक आपण धूप म्हणून जाळतो ते झाड. दोघांना सारखी जागा, आणि दानपेटीत जमलेला निसर्ग-निधी निम्मा निम्मा. परिपत्रकात माकड आहे, त्याचा मोठा देखावा आहे, मुलांसाठी मुखवटे आहेत. गुग्गुळाचे नाव कुठेच नाही. निधीही सगळा माकडासाठी.

हे पत्र मला एकट्या कार्यवाहांकडे पाठवता आले असते. पण ठराव सभेचा होता आणि निधी गावातल्या शेकडो मराठी घरांतून येतो. म्हणून विचारणाही सर्वांसमोर करते आहे.

माझा या झाडाशी संबंध काय, ते आधी सांगते. माझ्या वडिलांचे बडोद्यातल्या मांडवीजवळ काष्ठौषधींचे दुकान होते. शाळेतून आल्यावर मी पोत्यांमध्ये बसून गुग्गुळ निवडायचे. त्याचे खडे हातात धरले की तळहाताच्या उबेने मऊ पडतात, बोटांना चिकटतात, आणि मग दोन दिवस साबण लावला तरी वास जात नाही. चांगला खडा सोनेरी-तपकिरी, उजेडाकडे धरला तर आरपार उजळणारा. त्यात सालीचे पातळ पापुद्रे अडकलेले असायचे, ते चिमटीने काढायचे. वैद्य मंडळी यायची ती खडा मोडून बघायची, जिभेवर ठेवून कडवटपणा बघायची आणि मगच भाव करायची. सालई या दुसऱ्या झाडाच्या डिंकाची भेसळ वडील नुसत्या वासावरून ओळखत. पुढे मी जीवशास्त्र शिकवले, निवृत्त झाले. पण झाड म्हणजे कुणीतरी जिवंत आहे हे मला पुस्तकाच्या आधी त्या खड्यांनी शिकवले. तेव्हा गुग्गुळ माझ्यासाठी प्रदर्शनातला एक विषय नाही, हे उघडच सांगते.

आता तक्रारी.

पहिली, आणि थोडक्यात. सर्वसाधारण सभेने केलेला ठराव कार्यकारिणीला परस्पर बदलता येत नाही. बदल करायचाच होता तर पुन्हा सभा बोलवायची होती. कारणेही परिपत्रकात नाहीत. ती मला तीन-चार सदस्यांकडून तोंडी कळली. तीच कारणे धरून पुढे लिहिते.

दुसरी तक्रार 'काटेरी झुडूप बघायला कोण येणार?' या कारणाबद्दल.

माकड बघायला लोक येतील हे मला मान्य आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. सिंहपुच्छ माकड आहेच तसे. काळेकुळकुळीत अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीबाहेर जगात कुठेही ते रानात सापडत नाही. सगळी मिळून उरली आहेत ती ४००० च्या आसपास, आणि तीही तुकड्यातुकड्यांत. हे माकड आयुष्य काढते सदाहरित जंगलाच्या छतावर. जमिनीवर उतरणे त्याला आवडत नाही. मधे चहाचा किंवा कॉफीचा मळा आला की एका तुकड्यातली टोळी दुसऱ्या तुकड्यातल्या टोळीपासून कायमची तुटते. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो. तमिळनाडूतल्या वालपराईला तर रस्ता ओलांडताना ही माकडे वाहनांखाली सापडतात, म्हणून तिथे या झाडावरून त्या झाडावर जायला रस्त्यावरून पूल बांधले आहेत. हे सगळे दाखवायलाच हवे. मी माकडाच्या विरोधात नाही. याउलट, देखाव्यात यातले काय काय असणार याची मला काळजी आहे, कारण परिपत्रकात फक्त मुखवट्यांचा उल्लेख आहे.

पण माकडाची गोष्ट नीट सांगायची तर झाडावाचून सांगताच येत नाही. दक्षिण सह्याद्रीत कुलेनिया नावाचे एक उंच झाड आहे. त्याला काटेरी फळे येतात, फुले थेट फांद्यांना लगडतात. सिंहपुच्छ माकडे त्याची फुले खातात, फळे फोडून बिया खातात. वर्षाचे कितीतरी दिवस ती या एका झाडाच्या जिवावर काढतात. केरळातल्या पालघाट जिल्ह्यात कुंतीपुझा नदीवर धरण बांधायचे ठरले तेव्हा तिथल्या सायलेंट व्हॅली या जंगलाच्या बाजूने लोक उभे राहिले. त्या लढ्याचा चेहरा हेच माकड होते. १९८३ साली प्रकल्प सोडून दिला गेला, १९८४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. माकडाच्या नावाने उभे राहिलेल्या माणसांनी प्रत्यक्षात वाचवले ते एक अख्खे जंगल, त्यातली हजारो झाडे, वेली, नेचे, आमरी. मग आपल्या प्रदर्शनात माकडाशेजारी झाड का नको? माकडासाठी आलेली गर्दी शेजारच्या झाडापाशी थांबवता येईल. सभेत दोन्ही जीव एकत्र ठेवायचे ठरले ते याचसाठी.

आणि गुग्गुळ बघण्यासारखा नाही हे कुणी ठरवले? माणसाच्या उंचीचे, फार तर त्याहून थोडे वर जाणारे हे झाड. फांद्या वेड्यावाकड्या, टोकाला काटा. वर्षातला मोठा काळ ते निष्पर्ण असते. पाहणाऱ्याला वाटते वाळून गेले. पण सालीचा कागदासारखा पापुद्रा अलगद सोलला की आत हिरवे दिसते. पाऊस पडला की पाने फुटतात. फुले इवलीशी, लालसर, जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. फांदीला ओरखडा काढला की चीक येतो, आणि त्या चिकाचा वास आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. रविवारी कमाटीबागेत जाऊन पाहा. मुले पिंजऱ्यापासून पिंजऱ्यापर्यंत धावतात. वाटेतल्या शंभर वर्षांच्या झाडाकडे एकही मान वर होत नाही, कारण बरोबरचे मोठे कधी बोट दाखवत नाहीत. वाँडरसी आणि शूस्लर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ साली याच प्रवृत्तीवर लिहिले: समोर असलेली वनस्पती माणसाला दिसतच नाही, ती त्याच्या लेखी पार्श्वभूमी असते. मुलांना बघायला शिकवणे हे प्रदर्शनाचे काम. ज्याच्याकडे लोक आधीच बघतात तेवढेच दाखवायचे असेल तर प्रदर्शन कशाला भरवायचे?

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे. एका ज्येष्ठ सदस्यांनी मला विचारले, "अहो, गुग्गुळ बाजारात किलोने मिळतो. मग तो संकटात कसा?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर सविस्तर देते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना, जिला आपण आययूसीएन म्हणतो, जगभरातल्या जीवांची लाल यादी करते. त्या यादीत सिंहपुच्छ माकड 'संकटग्रस्त' आहे. गुग्गुळ 'अतिसंकटग्रस्त' आहे. म्हणजे आपण जो जीव वगळला तो ठेवलेल्या जीवापेक्षा एक पायरी पुढे गेलेला आहे. त्यानंतरची पायरी रानातून नामशेष होण्याची.

हे झाड कच्छ, सौराष्ट्र, पश्चिम राजस्थान आणि सीमेपलीकडे सिंध-बलुचिस्तानात, कोरड्या खडकाळ जमिनीवर वाढते. चीक काढण्याजोगे व्हायला त्याला आठ-दहा वर्षे लागतात. थंडी सुरू झाली की खोडाला चिरा देतात, चीक पाझरतो, सुकतो, मग खरवडून घेतात. हलक्या हाताने, वरवरची चीर दिली आणि झाडाला विसावा दिला तर झाड जगते. पण एकाच मोसमात जास्त चीक हवा म्हणून चिरा खोल जातात, त्यात मोरचुदासारखी तीव्र द्रव्ये भरतात. मग झाड भरभरून चीक देते आणि मरते. चीक काढणारी माणसे गरीब आहेत. त्यांना मी दोष देत नाही. जे झाड आपल्या मालकीचे नाही, जे पुढच्या वर्षी दुसरा कुणी येऊन ओरबाडेल, त्याला जपायला त्यांना सांगणार कोण आणि मोबदला देणार कोण? त्यात चराई आली, जळणासाठी तोड आली, खाणी आल्या.

मागणी मात्र वाढतच गेली. योगराज, त्रिफळा, कैशोर, कांचनार असे कितीतरी गुग्गुळकल्प, म्हणजे गुग्गुळ घालून केलेली औषधे, आपल्या घरांतल्या कपाटात आहेत. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या वर्णनाचा धागा धरून सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातली चरबी उतरते असे दाखवले. त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे 'गुगुलिपिड' हे औषध आले. परदेशांतही गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. २००३ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले नाही, तरी खप थांबला नाही.

या झाडाची आणखी एक अडचण आहे जी माकडाला नाही. आपल्याकडच्या गुग्गुळात नर झाडे फार विरळ आहेत. बहुतेक बिया परागीभवनाशिवायच तयार होतात, म्हणून रोपटे आईचीच नक्कल असते. एकसारख्या झाडांच्या अशा रानात एखादा रोग शिरला तर तो सगळ्यांनाच सारखा झोंबतो. म्हणून जे दोन-चार वेगळे वाण रानात शिल्लक आहेत, त्यांतले प्रत्येक झाड मोलाचे आहे.

तेव्हा बाजारात गुग्गुळ किलोने मिळणे हे त्याच्या भरभराटीचे लक्षण नाही. माकडाची संख्या घटली तर मोजणारे मोजतात, वर्तमानपत्रात बातमी येते. गुग्गुळ घटला तर पोत्यातला माल आधी महागतो, मग त्यात सालईचा डिंक मिसळला जातो, आणि गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. वडिलांच्या दुकानात शेवटच्या वर्षांत मी हेच पाहिले. कच्छहून येणारा माल कमी होत गेला, खडे लहान होत गेले, साल आणि माती वाढत गेली.

कायद्यानेही झाडाकडे उशिराच पाहिले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सिंहपुच्छ माकड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारले तर तुरुंग आहे. वनस्पतींसाठी त्या कायद्यात वेगळे प्रकरण आले ते १९९१ च्या दुरुस्तीने, आणि त्याच्या अनुसूचीत नोंदी किती होत्या? सहा. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्या सहाच राहिल्या. त्यात गुग्गुळ नव्हता. सरकारचे डोळे इतके उशिरा उघडतात म्हणून तर आपल्यासारख्या मंडळांनी आधी बोलायचे असते.

चौथी तक्रार लिहिताना मला सर्वांत जड जाते आहे, कारण विषय श्रद्धेचा आहे. "आरतीच्या धुपाला हात लावू नका, वाद होईल," असे एकजण म्हणाले. मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावते. मंडळाच्या गणपतीपुढे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ निखाऱ्यावर गुग्गुळ पडतो, तो वास माझ्या लहानपणाचा वास आहे. त्या धुपाला हात लावा असे मी कधीच म्हणाले नाही. माझे म्हणणे एवढेच होते की ज्या मंडपात हा धूप जळतो, त्या मंडपात त्याचे झाड कुठून येते आणि कोणत्या अवस्थेत आहे हे एका फलकावर लिहिलेले असावे. माकडाचे रान इथून दूर आहे; आपण निधी पाठवू, सही करू, आणखी फारसे काही आपल्या हातात नाही. गुग्गुळाचे तसे नाही. तो आपल्या हातातून निखाऱ्यावर पडतो. आपल्या खरेदीचा परिणाम कच्छमधल्या खोडावर थेट होतो. दोन जिवांतला मला दिसणारा मुख्य फरक हाच आहे, आणि नेमका तोच भाग आपण काढून टाकला. देवाला वाहायच्या वस्तूबद्दल खरे बोलल्याने श्रद्धा दुखावत नाही. आपल्याकडे तर दूर्वा-बेल-तुळस खुडण्याचेही नियम आहेत, कधी खुडायचे आणि कधी नाही याचे.

निधीबद्दल एकच सांगते. सभासदांनी दोन जिवांसाठी पैसे द्यायचे मान्य केले होते. आता ते सगळे एकाला देणे म्हणजे देणाऱ्याला न विचारता दानाचा हेतू बदलणे आहे. रक्कम किती हा मुद्दाच नाही.

माझ्या मागण्या अशा:

सभेचा मूळ ठराव कायम ठेवावा. प्रदर्शनात गुग्गुळाला माकडाइतकीच जागा द्यावी, दारामागच्या कोपऱ्यात एक फलक लावून ती भागवू नये. बदल करायचाच असेल तर प्रतिष्ठापनेच्या आधी सर्वसाधारण सभा बोलवावी आणि तिथे मत घ्यावे.

निधी निम्मा-निम्माच राहावा. गुग्गुळाचा वाटा त्याच्या लागवडीसाठी वापरावा. आपल्याला फार दूर जायला नको. आणंदजवळ बोरियावीला औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. गुग्गुळावर तिथे काम झालेले आहे. आपल्यातले दोघे-तिघे जाऊन विचारू शकतात की पैसा कुठे लावला तर झाड खरोखर वाढेल. गुग्गुळ फाट्यापासून, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून येतो, त्यामुळे रोपे तयार करणे अवघड नाही. अवघड आहे ते योग्य जमीन, राखण आणि वेगवेगळ्या झाडांपासून घेतलेले फाटे.

मंडपात लागणारा गुग्गुळ विकत घेताना दुकानदाराला विचारावे की माल रानातला आहे की लागवडीतला. सांगता आले नाही तर आरतीला कापूर आणि उदबत्ती पुरेशी आहे, आणि गुग्गुळ पहिल्या दिवशी आणि अनंत चतुर्दशीला तेवढा जाळावा. हे बंधन म्हणून लादू नये. सभेत मांडावे, पटले तर करावे.

माकडाच्या देखाव्यात कुलेनियाचे झाड असावे, वालपराईचे पूल असावेत, तुटलेल्या जंगलाचा नकाशा असावा. मुखवटे घालून मुले नाचली तर नाचोत, पण घरी जाताना त्या माकडाचे जेवण कोणत्या झाडावर येते हे त्यांना माहीत असावे.

आणि कार्यकारिणीच्या बैठकीचे इतिवृत्त सभासदांना वाचायला ठेवावे. ते आपल्या घटनेतच आहे. नवे काही मागत नाही.

गुग्गुळाच्या फलकांचा मजकूर माझ्याकडे तयार आहे. वडिलांच्या दुकानातली कणगुग्गुळ आणि महिषाक्ष गुग्गुळ अशा दोन्ही प्रकारांच्या जुन्या खड्यांची बरणी आहे, तीही देईन. मुलांना हात लावून बघू द्या. प्रदर्शनाचे दहाही दिवस संध्याकाळी त्या फलकापाशी उभी राहून माहिती सांगायला मी तयार आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी माझ्यासोबत उभे राहायचे कबूल केले आहे.

आपले उत्तर मला वैयक्तिक न पाठवता सभासदांच्या ग्रुपवर आणि मंडळाच्या सूचनाफलकावर द्यावे. सभा बोलवणार असाल तर तारीख निदान आठ दिवस आधी कळवावी, म्हणजे नोकरीवाल्या सभासदांनाही येता येईल.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद,
दांडिया बाजार, बडोदे